खेळताना झालेली दुखापत आणि फिजिओथेरपी : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दादरच्या आमच्या क्लिनिकमध्ये पावसाळ्यात ओल्या ग्राउंडवर घसरलेले क्रिकेटर येतात, गोपाळकाल्याच्या दुसऱ्या दिवशी गोविंदा येतात, दिवाळीनंतर मॅरेथॉनवाले पोटऱ्या धरून येतात. कबड्डीचे गुडघे मात्र बारा महिने येतात. खेळ वेगळे असले तरी प्रश्न बहुतेक तेच असतात. टेबलाजवळ उभं राहून जी उत्तरं देते, तीच इथे जरा सविस्तर लिहिली आहेत. ही वाचून स्वतःच निदान करू नका. पण तपासणीला याल तेव्हा काय विचारायचं आणि काय सांगायचं, एवढं नक्की कळेल.

मैदानात पाय मुरगळला. लगेच काय करू?

खेळ थांबवा. "ही ओव्हर टाकतो आणि बसतो" असं करू नका. लिगामेंटला, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या पट्ट्याला, मार लागल्यावर घोट्याला स्वतःचा तोल नीट सावरता येत नाही आणि दुसऱ्यांदा मुरगळतो तो जास्त जोरात.

पाय छातीपेक्षा उंच ठेवा, बोटांकडून वर असं क्रेप बँडेज बांधा. बोटं थंड किंवा निळसर पडली, मुंग्या आल्या, तर सैल करा. बर्फ लावायचा तर ओल्या फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, तोही दुखणं कमी व्हावं एवढ्यासाठी. बर्फाने जखम लवकर भरते असं आता कोणी ठामपणे म्हणत नाही. आराम, बर्फ, दाब आणि उंची हे सूत्र १९७८ साली डॉ. गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी रूढ केलं आणि २०१४ मध्ये त्यांनीच सांगितलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी बरं होणं लांबू शकतं. सूज ही शरीराने पाठवलेली दुरुस्तीची तुकडी आहे; तिला आवरायचं असतं, हाकलून द्यायचं नसतं.

पहिले दोन-तीन दिवस चोळणं, मालीश, गरम शेक आणि दारू या चारही गोष्टी बंद. आतल्या बारीक रक्तवाहिन्या फाटलेल्या असतात, त्यातून रक्त आणखी वाहतं. आंबेहळदीचा लेप लावला तर बिघडत काही नाही, पण लेपाखाली सूज किती आणि काळंनिळं कुठे पडलंय हे दिसत नाही. तपासायला येताना तो धुऊन या.

एक्स-रे काढायलाच हवा का?

प्रत्येक मुरगळलेल्या घोट्याला नाही. कॅनडातल्या ओटावा शहरात डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी काही नियम प्रसिद्ध केले आणि जगभर आजही तेच वापरले जातात. आम्ही घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडाची गाठ असते, तिची मागची कड खालून सहा सेंटिमीटरपर्यंत दाबून बघतो. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर लागणारा करंगळीमागच्या हाडाचा उंचवटा, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वर असलेलं नौकेसारखं छोटं हाड. यातल्या कुठल्याही हाडावर दाबल्यावर कळ आली, किंवा लागल्या क्षणी आणि तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. लंगडत टाकलेली पावलंही चालतात, पण चार पडायला हवीत.

यातलं काहीच नसेल तर मोडलेलं असण्याची शक्यता फार कमी. फक्त अगदी लहान मुलं, नशेत असलेली व्यक्ती आणि मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेले रुग्ण यांना हे नियम लावू नयेत, कारण दाबल्यावर दुखतं की नाही हे त्यांच्याकडून खात्रीने कळत नाही.

पहिल्या भेटीत तुम्ही नेमकं काय तपासता?

आधी ऐकते. निम्मं निदान तिथेच होतं. कसं लागलं, समोरच्याचा धक्का होता की एकट्यानेच वळताना झालं, आतून "टक" असा आवाज आला का, त्यानंतर उभं राहता आलं का. आणि सूज कधी आली, हा प्रश्न मी कधीच चुकवत नाही. गुडघा दोन तासांत फुगला असेल तर आत बहुधा रक्त साठलंय, म्हणजे एसीएलला (गुडघा आतून धरून ठेवणाऱ्या मुख्य लिगामेंटला) किंवा हाडाला मार. दुसऱ्या दिवशी सकाळी फुगला असेल तर संशय मेनिस्कसवर, म्हणजे गुडघ्यातल्या गादीवर, जास्त जातो. गुडघा मध्येच अडकतो का? जिना उतरताना दगा देतो का? "गुडघा दुखतो" एवढंच सांगणाऱ्याला मी पुन्हा पुन्हा विचारते, त्याचा कंटाळा करू नका.

मग बघते. दारातून टेबलापर्यंत येताना पाय कसा टाकला, चप्पल काढताना कुठल्या पायावर उभे राहिलात, हे तपासणी सुरू व्हायच्या आधीच पाहून झालेलं असतं. हात लावताना सुरुवात चांगल्या पायापासून. प्रत्येकाचं शरीर वेगळं, कुणाचे सांधे जन्मतःच सैल असतात. तुमच्या दुखऱ्या गुडघ्याची तुलना पुस्तकाशी करून उपयोग नाही, तुमच्याच दुसऱ्या गुडघ्याशी करायची.

लालबागचा एक कबड्डीपटू आला होता, उजवा रेडर. पंधरा दिवस झाले होते, सूज उतरलेली, चालणं जवळजवळ नीट. त्याला वाटत होतं, नस चढलीय. त्याला पाठीवर झोपवलं, गुडघा पंचवीसेक अंशांत वाकवून माझ्या मांडीवर टेकवला. एका हाताने त्याची मांडी पक्की धरली आणि दुसऱ्याने नडगी पुढे ओढली. याला लॅकमन टेस्ट म्हणतात. एसीएल शाबूत असेल तर ओढ एका जागी ठक्कन थांबते, दावं ताणलं की बैल थांबतो तशी. डाव्या पायाला ते थांबणं हाताला स्पष्ट लागलं. उजव्या पायाला ते आलंच नाही. नडगी मऊपणे पुढे येत राहिली. तो माझ्या हाताकडे नाही, चेहऱ्याकडे बघत होता. दोन्ही पायांतला फरक त्याला स्वतःलाही जाणवला होता.

हीच पद्धत इतर ठिकाणी. मेनिस्कससाठी सांध्याच्या फटीवर बोट दाबून गुडघा वळवत सरळ करायचा. टाचेमागची शीर तुटली असा संशय असेल तर पालथं झोपवून पोटरी दाबायची. दाबल्यावर पाऊल हललं नाही तर शीर गेली. ही शेवटची तपासणी दहा सेकंदांची आहे, पण कुणी ती केलीच नाही म्हणून महिनाभर "पोटरीचा मसल पुल" समजून शेकत बसलेले रुग्ण मी पाहिलेत.

एमआरआय आधीच काढून आणलाय. आता तपासणी कशाला?

कारण एमआरआय तुम्हाला खेळताना बघत नाही. पाठीचं उदाहरण घ्या. ज्यांना कधीच पाठदुखी झालेली नाही अशा लोकांच्या तपासण्यांचा २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेतला, तेव्हा विशीतल्या जवळजवळ ३० टक्के लोकांमध्ये चकती फुगलेली दिसली. म्हणजे रिपोर्टवर "डिस्क बल्ज" लिहिलंय म्हणून तुमचं दुखणं तिथूनच येतं असं ठरत नाही. केस पांढरे होतात तसे काही बदल आतही होतात.

गुडघा अडकलेला, लिगामेंट तुटल्याची शंका, ताण येऊन हाड चिरल्याची शंका, किंवा ऑपरेशनचा निर्णय घ्यायचाय, अशा वेळी एमआरआय हवाच. पण आधी हाताने तपासणी, त्यातून प्रश्न, आणि त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला फोटो, असा क्रम असावा. लोकं नेमकं उलट करतात आणि रिपोर्ट वाचून आठवडाभर झोपत नाहीत.

दुखायचं थांबलं. मग व्यायाम कशाला चालू ठेवायचे?

या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

दुखणं थांबतं ते सूज ओसरली की, म्हणजे बऱ्याचदा दोन-तीन आठवड्यांत. नवे तंतू तयार व्हायला साधारण सहा आठवडे लागतात, आणि ते तंतू ओढीच्या दिशेने नीट लागून मजबूत व्हायला महिने, मोठ्या लिगामेंटला वर्षही. त्या मधल्या काळात पाय दुखत नसतो आणि तयारही नसतो. बहुतेक दुसऱ्या दुखापती याच काळात होतात.

दुसरं म्हणजे, सांधा सुजला की मेंदू आजूबाजूच्या स्नायूंचा आवाज कमी करतो. गुडघा फुगल्यावर मांडीचा पुढचा स्नायू दोनेक आठवड्यांत डोळ्यांना दिसेल इतका उतरतो. मी गुडघ्याच्या वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर टेप लावून दोन्ही मांड्या मोजते. दोन सेंटिमीटरचा फरक पाहून धडधाकट पोरं गप्प होतात. सूज गेली तरी तो स्नायू आपोआप परत येत नाही. त्याला कामाला लावावं लागतं.

आमच्याकडे आठ इंच उंचीची एक लाकडी पायरी आहे. तिच्यावर एका पायावर उभं राहायचं आणि दुसऱ्या पायाची टाच हळूच जमिनीला टेकवून परत वर यायचं. "मला काही दुखत नाही" म्हणणारा खेळाडू ती पायरी उतरतो तेव्हा त्याचा गुडघा आत कोसळतो, कंबर एका बाजूला झुकते, हात हवेत जातात. मोबाइलवर शूट करून त्यालाच दाखवते. त्यानंतर समजावावं लागत नाही.

माझ्या पहिल्या वर्षांत मी एका फुटबॉलपटूला दुखणं शून्य आहे एवढ्यावर खेळायला सोडलं होतं. दुसऱ्याच मॅचला त्याचा तोच गुडघा गेला. त्याची फाइल मी अजून जपून ठेवली आहे.

व्यायाम करताना दुखलं तर थांबू का?

थोडं दुखणं चालतं. शून्य ते दहामध्ये तीनपर्यंत असेल, व्यायाम संपल्यावर उतरत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त नसेल, तर चालू ठेवा. चार-पाच असेल तर वजन किंवा संख्या कमी करा. त्याच्या वर गेलं, किंवा सूज आली, तर दोन दिवस मागचा टप्पा आणि मला फोन. सुजेला दुखण्यापेक्षा जास्त महत्त्व द्या. दुखणं सहन करणारे मुंबईत पुष्कळ आहेत, सूज खोटं बोलत नाही.

मशीन लावणार ना?

गरज वाटली तर दुखणं कमी करायला थोडे दिवस लावू. पण ज्या क्लिनिकमध्ये वीस मिनिटं मशीन लावून घरी पाठवतात आणि पायावर कोणी हातही ठेवत नाही, तिथे पैसे घालवू नका. मशीनने स्नायू वाढत नाही.

एसीएल तुटलंय. ऑपरेशन करावंच लागेल का?

प्रत्येकाला नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळणाऱ्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन केलं, बाकीच्यांना आधी पद्धतशीर व्यायाम दिले आणि गरज पडली तर नंतर ऑपरेशनची मुभा ठेवली. पाच वर्षांनीही त्या दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना ऑपरेशनची गरज पडली नव्हती, आणि दोन्ही गटांच्या गुडघ्यांची अवस्था सारखीच होती.

पण माणूस बघून ठरवायचं. ज्याला फक्त पळायचं, पोहायचं, सायकल चालवायची आहे, त्याने तीन महिने मन लावून व्यायाम करून बघावेत. ज्याला कबड्डी, फुटबॉल, खो-खो, बॅडमिंटन असे झटक्यात वळायचे खेळ स्पर्धेत खेळायचेत, किंवा ज्याचा गुडघा रस्त्यावरून चालतानाही दगा देतो, किंवा सोबत मेनिस्कस फाटलंय, त्याने ऑर्थोपेडिक सर्जनशी लवकर बोलावं. काहीही ठरलं तरी ऑपरेशनच्या आधीचे व्यायाम वाया जात नाहीत. सुजलेला, आखडलेला गुडघा घेऊन टेबलावर जाणारा नंतर जास्त त्रास काढतो.

एसीएलच्या ऑपरेशननंतर किती महिन्यांनी खेळू?

नऊ महिन्यांच्या आत नाही. हा आकडा मी मनाने सांगत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांच्या अभ्यासात असं दिसलं की नवव्या महिन्यापर्यंत खेळ जितके महिने पुढे ढकलला, तितक्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटलं. आणि नुसते महिने नाही: परतण्याच्या सगळ्या चाचण्या पास झालेल्यांपैकी ५.६ टक्क्यांना पुन्हा गुडघ्याची दुखापत झाली, नापास होऊन खेळलेल्यांपैकी ३८.२ टक्क्यांना.

चाचण्या म्हणजे मांडीची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के, एका पायावर लांब उडी, सलग तीन उड्या, रेषा ओलांडत नागमोडी उड्या आणि सहा मीटर लंगडीची वेळ. शिवाय मनाची तयारी. पाय टाकताना भीती वाटत असेल तर तीही आम्ही मोजतो. लंगडी खेळून मोठे झालेले आपण, एका पायावर उडी मारणं आपल्याला नवीन नाही. पण ऑपरेशन झालेल्या पायावर पहिली उडी मारताना बहुतेकांचा श्वास अडकतो.

तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेली नवी दोरी पहिल्या दोन-तीन महिन्यांत सर्वांत नाजूक असते, कारण शरीर जुने तंतू मोडून नवे विणत असतं. नेमकं तेव्हाच चालणं छान झालेलं असतं आणि ऑफिस सुरू होतं. चालत्या गाडीतून प्लॅटफॉर्मवर उतरणं ही लंगडीचीच परीक्षा आहे, फक्त मागून गर्दी ढकलत असते. पहिले तीन महिने गाडी पूर्ण थांबल्यावरच उतरा, सकाळ-संध्याकाळची गर्दी टाळा, आणि पुलावर कठडा धरून चाला. कुणी हसत नाही, आणि हसलं तरी हसू द्या.

चाळीत राहतो. खाली बसावं लागतं, जिने आहेत, व्यायामाला जागा नाही. कसं करू?

जागा लागते ती एका चटईएवढी. गॅलरीचा कठडा, दरवाज्याची कडी, पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या, एवढ्यावर पहिल्या तीन महिन्यांचं काम होतं. जिना तर आयताच. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

खाली बसण्याचं मात्र जपा. मेनिस्कस शिवला असेल तर उकिडवं बसणं, मांडी घालणं साधारण चार महिने बंद, सर्जन सांगतील तेवढं. भारतीय पद्धतीचं शौचालय असेल तर त्यावर ठेवायची खुर्ची मेडिकलच्या दुकानात मिळते. ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवा.

मुलगा चौदा वर्षांचा आहे, फास्ट बॉलिंग टाकतो. कंबर दुखते म्हणतो. वाढीचं दुखणं असेल ना?

असं गृहीत धरू नका. वाढत्या वयातल्या फास्ट बॉलरची कंबर दुखली की मणक्याच्या मागच्या कमानीला ताणाने चीर पडतेय का, हे आधी बघायचं. उजव्या हाताने टाकणाऱ्याला बहुतेक वेळा डाव्या बाजूला दुखतं, एका बोटाने जागा दाखवता येते, त्या पायावर उभं राहून मागे वाकलं की कळ येते. चार दिवस सुट्टी घेतली की बरं वाटतं आणि पहिल्याच स्पेलला परत येतं. सुरुवातीला एक्स-रेमध्ये काही दिसत नाही. एमआरआयमध्ये हाडातली सूज दिसते. तेव्हा पकडलं तर बॉलिंगपासून तीनेक महिने विश्रांती आणि व्यायाम यांनी हाड जुळून येऊ शकतं. पुढे गेलं तर चीर कायमची राहते.

जसप्रीत बुमराहची पाठ सगळ्या देशाने पाहिली. २०१९ मध्ये ताणाची चीर, २०२२ मध्ये पाठीमुळे टी-२० विश्वचषक हुकला, मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडला शस्त्रक्रिया, आणि ऑगस्टमध्ये आयर्लंडविरुद्ध पुनरागमन. त्याच्यामागे दिवसरात्र फिजिओ, ट्रेनर, डॉक्टर होते. तुमच्या मुलामागे तुम्ही आहात.

शिवाजी पार्कच्या मुलांचा खरा प्रश्न ॲक्शनपेक्षा हिशेबाचा आहे. सकाळी अकॅडमी, दुपारी जाइल्स किंवा हॅरिस शील्डची शाळेची मॅच, रविवारी क्लब. तीन कोच, आणि प्रत्येकाला वाटतं, मी तर सहाच ओव्हर टाकून घेतल्या. बेरीज कोणीच करत नाही. म्हणून मी आईवडिलांना एक साधी वही करायला सांगते: तारीख, टाकलेले बॉल (नेट्समधले धरून), कंबर दुखली का. चार आठवड्यांच्या सरासरीपेक्षा एखाद्या आठवड्यात आकडा एकदम चढला की तिथेच थांबवा. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने वयानुसार एका स्पेलच्या आणि एका दिवसाच्या ओव्हरवर मर्यादा घातल्या आहेत. आपल्याकडे ती मर्यादा त्या वहीतूनच येणार.

कोचना सांगायला मुलं घाबरतात, जागा जाईल म्हणून. ते तुम्ही सांगा. बॅटिंग, कॅचिंग, पोटाचे आणि पाठीचे व्यायाम चालू ठेवता येतात, मुलगा ग्राउंडवर दिसत राहतो.

मॅरेथॉनची तयारी करतोय. टाचेच्या वर सकाळी दुखतं, पळताना कमी होतं.

हा टाचेच्या शिरेचा, अकिलिस टेंडनचा त्रास वाटतोय. गरम झालं की बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पावलं नकोशी होतात. बहुतेकांचं कारण एकच: जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी नोव्हेंबरात जाग येते आणि अंतर एकदम वाढतं, वर पेडर रोडच्या चढाचा सराव.

टेंडनला आराम मानवत नाही, बेताचं ओझं मानवतं. स्वीडनमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेली पद्धत आजही वापरतो. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर जायचं, दुखऱ्या एका पायावर हळू खाली. १५ चे ३ संच गुडघा सरळ ठेवून, ३ संच वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. दिवसाला १८० वेळा होतं, म्हणून कामावर जाणाऱ्यांना मी दिवसाआड, जड वजनाने, कमी संख्येचा प्रकार देते. तोही तितकाच चालतो. टाचेच्या हाडालाच चिकटून दुखत असेल तर पायरीच्या खाली टाच नेऊ नका, सपाट जमिनीवर करा.

नडगीवर एकाच जागी, बोटाएवढ्या ठिपक्यावर दुखत असेल आणि रात्रीही ठणकत असेल, तर पळणं आजच बंद आणि तपासणी. ती हाडाची चीर असू शकते. पाळी चुकणाऱ्या, खाणं कमी केलेल्या धावपटू मुलींनी हे विशेष लक्षात ठेवावं; हाडाला अन्न लागतं.

टेनिस खेळत नाही, तरी टेनिस एल्बो कसा झाला?

मनगट मागे खेचणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटतात. त्यांच्यावर ताण आणणारं कुठलंही काम पुरतं. सचिन तेंडुलकरला याच दुखण्यामुळे २००४ मध्ये सामने सोडावे लागले आणि २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. बहुतेकांना तिथवर जावं लागत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने चार-सहा आठवडे छान वाटतं, पण वर्षभराने बघितलं तर इंजेक्शन न घेतलेल्यांचा हात जास्त बरा असतो. हळूहळू वाढवलेलं वजन आणि धीर, हाच उपाय.

गोविंदा थरावरून पडला तर?

मान किंवा पाठ दुखतेय म्हणाला, हातापायांना मुंग्या आहेत, किंवा शुद्धीवर नाही, तर उचलू नका. खांद्यावर टाकून बाहेर आणणं हीच सगळ्यात मोठी चूक होते. जमाव मागे हटवा, डोकं दोन्ही बाजूंनी हातांनी स्थिर धरा, पाणी पाजू नका, १०८ ला फोन करा.

डोक्याला मार लागून क्षणभर भान हरपलं, उलटी झाली, तोच प्रश्न परत परत विचारतोय, तर त्या दिवशी पुन्हा थर नाही, कुठलाच खेळ नाही. बरं वाटलं तरी नाही. हेच कबड्डी आणि फुटबॉललाही लागू. परतताना आधी चालणं, मग पळणं, मग धक्का नसलेला सराव, असे एकेका दिवसाचे टप्पे, डॉक्टरांच्या परवानगीने.

हाडवैद्याकडे बसवून घेऊ का?

मोडलेलं असू शकतं, सांधा निखळलाय, खूप सूज आहे, तर नाही. निखळलेला खांदा एक्स-रेशिवाय ओढून बसवताना रक्तवाहिनी किंवा नस दुखावू शकते. आजीच्या पिढीचा त्यांच्यावर विश्वास आहे आणि मी त्याचा अनादर करत नाही. आधी फोटो काढा एवढीच विनंती.

पुन्हा लागू नये म्हणून काय करता येईल?

फुटबॉलसाठी फिफाने तयार केलेला "इलेव्हन प्लस" नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे. नियमित करणाऱ्या संघांत दुखापती साधारण तीस टक्क्यांहून जास्त घटल्याचं अनेक अभ्यासांत दिसलंय. त्यात धावणं, तोल, उड्या आणि मांडीमागच्या स्नायूचा नॉर्डिक व्यायाम आहे: गुडघ्यांवर उभं राहायचं, साथीदाराने घोटे धरायचे, आणि अंग सरळ ठेवून जमेल तितकं हळू पुढे पडायचं. हा एकटा व्यायाम हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर आणतो. कबड्डी आणि खो-खोच्या पोरांनाही तो तितकाच उपयोगी आहे, कारण दोन्हींत पाय ताणून निसटायचं असतं. पहिल्या आठवड्यात मांड्या भरून येतील, म्हणून मॅचच्या आदल्या दिवशी सुरू करू नका.

मातीवर खेळून मॅटवर जाणाऱ्यांनी एक सांभाळावं. मातीत पाय थोडा घसरतो आणि वळताना सुटतो. मॅटवर बूट पकडतो, शरीर वळतं आणि पाऊल तिथेच राहतं. तो ताण गुडघा घेतो. पहिले तीन-चार आठवडे मॅटवर वळण्याचा, थांबण्याचा वेगळा सराव करा, मग रेड.

खर्च झेपत नाही.

केईएम, सायन, नायर, कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग आहेत आणि तिथलं शुल्क खाजगीपेक्षा फारच कमी असतं. देशातलं फिजिओथेरपीचं शिक्षण १९५० च्या दशकात केईएमच्याच आवारात सुरू झालं. हाजी अलीला केंद्र सरकारची १९५५ पासूनची पुनर्वसन संस्था आहे. रांग असते, सकाळ जाते. पण तपासणी नीट होते. आठवड्याला पाच वेळा कुणाकडे जाण्याची बहुधा गरजही नसते. नीट शिकवलेले चार व्यायाम घरी करून दहा दिवसांनी दाखवायला आलात तरी चालतं.

कुठेही गेलात तरी फिजिओची महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी आहे का, विचारा. विचारण्यात काही गैर नाही.

फिजिओकडे न येता थेट हॉस्पिटल कधी गाठायचं?

हाडाचा आकार बदललेला दिसतो. पाऊल थंड, पांढरं किंवा बधिर झालंय. गुडघा अडकून सरळच होत नाही. एकाच पायाची पोटरी सुजून गरम झालीय, किंवा सोबत धाप लागतेय. सांधा लाल होऊन ताप आलाय. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा सुटतोय किंवा बैठकीची जागा बधिर आहे. यातलं काहीही असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

तपासणीला येताना काय आणू?

हाफ पँट. खांद्यासाठी असेल तर बनियन किंवा स्लीव्हलेस. खेळताना घालता ते बूट, न धुता. तळ कुठे झिजलाय ते बघायचं असतं. जुने रिपोर्ट आणि एमआरआयच्या फिल्मसुद्धा, नुसता कागद नको. कोणी मॅचचा व्हिडिओ काढला असेल आणि त्यात लागतानाचा क्षण सापडला, तर तो सगळ्यात आधी दाखवा.